म्हणे, मासा सफाई करतो

...नाही, माझं म्हणणं एवढंच आहे, की माणसानं मासे पाळावेत, खुशाल पाळावेत, पण बायकोचं इस्त्रीचं टेबल जिथे होतं तिथेच पाळू नयेत. हे मी मोठ्यानं बोलले की आमचे हे म्हणतात, ‘अगं, हळू, मासे बिचकतात.’ मासे बिचकतात! मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी बिचकेन म्हणून कोणी आवाज खाली केला नव्हता.

आता तुम्ही आमची बाहेरची खोली बघितलेली नाही. बघण्यासारखी नाहीच म्हणा, दार उघडलं की चपलांचं कपाट, त्याच्या शेजारी खिडकी आणि खिडकीखाली माझं टेबल. खाली रस्त्याला लागून माझी लाँड्री, वर आमचं घर, आणि दुकानात मावत नाही ते सगळं वर येतं... हॉटेलचे टेबलक्लॉथ, दवाखान्याचे पडदे, कोपऱ्यावरच्या वकिलाचे शर्ट, ज्यांच्या कॉलरी बघून वाटतं हा माणूस मानेनं कोर्ट झाडतो की काय. त्या खिडकीतून असा उजेड यायचा की डागाला लपायची सोय नव्हती. आणि आता तिथे काय आहे? टाकी. काचेची, लांबच्या लांब, वर निळा दिवा, खाली घरघरणारा पंप. आणि माझं टेबल स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये, जिथे इस्त्री पुढे न्यायची तर कोपर मागे कपाटावर आपटतं.

झालं काय, की आमचे हे रिटायर झाले. लिफ्टचे इन्स्पेक्टर होते. गावातल्या यच्चयावत लिफ्टमध्ये उभे राहून वर जायचे, खाली यायचे, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि सही करायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतीत वर-खाली केलं आणि रिटायर झाल्यावर जे खुर्चीत बसले ते बसलेच. तो रक्तदाब तेवढा चढायला लागला, लिफ्टची सवय असेल त्याला. तर डॉक्टर काय म्हणाले? ‘मासे बघत बसा, शांत वाटतं.’ यांचा रक्तदाब उतरला म्हणे. कुठे उतरला? माझ्यात उतरला!

बरं, मासे तरी साधे आणावेत, नळाच्या पाण्यातले, वाटीएवढ्या भांड्यातले. नाही. समुद्रातले. म्हणजे घरात समुद्र करायचा. त्यासाठी एक दुकानदार गाठला यांनी, मी त्याला खारट म्हणते, कारण तो दोनच विषयांवर बोलतो, एक मीठ आणि दुसरा तो स्वतः. तो आला, टाकी बसवली, पाण्यात ते खास मीठ कालवलं, आणि कालवताना माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे बघून म्हणाला, ‘वहिनी, एक विनंती, तुम्ही यात हात घालायचा नाही. साबणाचा अंश जरी गेला तरी सगळं खलास.’ ऐकलंत? ज्या साबणावर या घराची चूल पेटते, मुलीचं शिक्षण झालं, ज्या साबणानं माझ्या बोटांना अशा भेगा पाडल्या की मीठ उचललं तर डोळ्यात पाणी येतं, तो साबण आता घरातला गुन्हेगार. यांनी लगेच मान डोलावली. ‘हो हो, तिला हात नाही लावू देणार.’ जसं काही मी रोज उठून समुद्रात हात घालायला टपलेच होते.

मग ती टाकी कित्येक आठवडे नुसतीच ठेवली. रिकामी. पाणी मुरू द्यायचं म्हणे. आमचे हे रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मी विचारलं, ‘अहो, काय बघताय?’ तर म्हणाले, ‘पाणी.’ पुढे मासे आले. दोन नारिंगी पट्ट्यापट्ट्यांचे, एक पिवळा, चपटा, ताटलीसारखा, आणि एक गोल, फुगऱ्या, जाड ओठांचा, सतत तोंड उघडं, कोणीतरी काहीतरी आणून द्यावं अशी अपेक्षा चेहऱ्यावर. मी बघितलं मात्र आणि माझ्या तोंडून गेलं, ‘हे तर मामंजी.’ यांना राग आला, स्वतःच्या वडिलांना मासा म्हटल्याचा. पण नंतर मी बघितलं ना, रोज सकाळी जाऊन त्याच माशाला आधी खायला घालायचे.

आणि मग आले ते दोघं. क्लीनर रॅस. रॅस म्हणे. रास नाही, रेस नाही, रॅस. बोटाएवढे, निळसर, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी पट्टी, चालले की पाण्यात शाईची रेघ ओढल्यासारखी. मोठा तो नर, धाकटी ती मादी. खारटनं हात जोडले, खरंच जोडले, टाकीला. ‘वहिनी, हे मासे नाहीत, हे सेवक आहेत. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे, मेलेली कातडी, जखमेची घाण, सगळं खातात. मोठे मासे रांग लावतात यांच्यापुढे, तोंडं उघडून उभे राहतात, हे आत शिरून दात साफ करून येतात.’ आणि खरंच, पाणी सवयीचं झाल्यावर धाकटी ती मामंजींसमोर गेली, अशी वरखाली थरथरली, नाचल्यासारखी, आणि मामंजी जागच्या जागी तरंगत राहिले, कल्ले फाकवून, तोंड उघडून, डोळे अर्धे मिटून. ती गेली की हो आत! आमच्या यांनी माझा दंड धरला, आमच्या लग्नात धरला नव्हता एवढा घट्ट. ‘बघितलंस? बघितलंस?’

आता माझं ऐका. मी या घरात जन्मभर दुसऱ्यांचे मळ काढतेय. लोकांच्या कॉलरीचे, लोकांच्या चादरींचे, घरातल्या फरशीचे. माझ्यावर कोणी निळा दिवा लावला? माझ्यासमोर कोणी खुर्ची टाकली? आणि इथे शेजारचे काय, लिफ्टच्या ऑफिसातले जुने लोक काय, येऊन येऊन उभे राहतात, हात मागे बांधून, आणि कौतुक कशाचं? तर म्हणे, मासा सफाई करतो.

आमच्या वन्सं आल्या, म्हणजे यांची मोठी बहीण. दारातूनच, ‘कुठाय, कुठाय तो गुणाचा मासा?’ सोफ्यावर बसल्या. मी खाली वाकून फरशी पुसत होते, कारण टाकीचं पाणी बदलताना यांनी निम्मा समुद्र जमिनीवर सांडला होता. वन्संनी काय करावं? दोन्ही पाय वर घेतले, माझं फडकं खालून जाऊ दिलं, पाय परत खाली ठेवले, आणि या सगळ्यात नजर एकदाही काचेवरून न हलवता म्हणाल्या, ‘कसं मन लावून करतो हो. नाहीतर हल्ली कोण करतंय.’ मी फडकं पिळलं. जरा जास्तच पिळलं. ते फडकं त्यानंतर कामाचं राहिलं नाही.

यांना तर वेडच लागलं. जेवताना मासे, झोपताना मासे. ‘तुला माहितीये, तो नर ना, मादीवर लक्ष ठेवतो. तिनं गिऱ्हाइकाला नीट साफ करायचं सोडून चावा घेतला तर मागे लागतो तिच्या.’ म्हटलं, म्हणजे काम दोघांनी करायचं आणि वर देखरेख त्याची. ‘हो,’ म्हणाले, ‘इन्स्पेक्टर.’ आणि असे खूश झाले, जसं काही मी कौतुकच केलं होतं.

तर तो इन्स्पेक्टर गेला. कसा गेला ते सांगते. हे मासे उड्या मारतात, खारटनं शंभरदा बजावलं होतं, झाकण उघडं ठेवू नका. यांनी खायला घालायला झाकण काढलं, तेवढ्यात फोन वाजला, फोनवर कोण तर जुना सहकारी, मग काय, हे त्याला माशाचं कौतुक सांगत बसले, आणि ज्याचं कौतुक चाललं होतं त्यानं तिकडे झेप घेतली. मी हॉटेलचे टेबलक्लॉथ धुवून, वाळवून, टोपलीत भरून आत आणून ठेवले होते. त्यावर पडला. पांढऱ्याशुभ्र कापडावर. सापडला तेव्हा ताठ झाला होता, पट्टी सुद्धा फिकी पडली होती. आता माणसानं काय म्हणावं? मी म्हटलं, ‘परत धुवावं लागणार.’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हा माणूस, माझी आई गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी ‘जेवायला काय आहे’ म्हणून विचारणारा माणूस, बोटाएवढ्या माशासाठी उपाशी. मी ताट झाकून ठेवलं. मनात म्हटलं, ठीक आहे, आपण मेल्यावर काय होईल त्याचा अंदाज तरी आला, टाकीत मेलं तर जास्त बरं.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणजे... काय म्हणू तिला. राहिली ती धाकटी. आणि ती सुकायला लागली. पोट आत गेलं, पाठीकडून बघावं तर नुसती सुरीची धार. का? तर टाकीत मळच उरला नव्हता. इतकं झाडून पुसून ठेवलं होतं दोघांनी, की आता कोणाच्या अंगावर किडा नाही, कोणाच्या दातात काही नाही. कोळंबीचा लगदा करून घातला, तिनं वास सुद्धा घेतला नाही. ते तिला अन्न वाटतच नव्हतं! तिला अन्न म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचं. ती आपली पिवळ्यापुढे जाऊन नाचायची, तो पाठ फिरवायचा. नारिंगींपुढे नाचायची, ते आत पळायचे. मामंजी... मामंजींनी तर एकदा शेपटीचा फटका दिला तिला. तरी ही परत थरथरत उभी. मला संताप यायचा हो. म्हटलं, बाई, खा की सरळ समोर आलेलं, कशाला यांच्या दाढ्या धरतेस.

खारटला बोलावलं. तो काचेवर बोट आपटून म्हणाला, ‘ही जाणार, वहिनी. पुष्कळशा अशाच जातात घरच्या टाकीत. तुम्ही काळजी करू नका, दुसरी देतो.’ म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, ‘आधी सांगितलं तर कोण नेईल?’ आणि यांनी, ज्यांनी या माणसाच्या शब्दाबाहेर आजवर पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनी उठून दार उघडलं आणि म्हणाले, ‘दुसरी नको. या तुम्ही.’

तो गेल्यावर हे टाकीसमोर उभे राहिले. मी मागे, हातात वकिलाचा शर्ट. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ती खायला मागतच नाहीये. ती काम मागतेय.’ मी म्हटलं, मासा आहे तो. तर म्हणाले, ‘परवा मी ऑफिसात गेलो होतो.’ मला माहीतच नव्हतं, मला सांगितलं होतं फिरायला जातो. ‘सगळे छान बोलले. बसा म्हणाले, चहा मागवला. मी म्हटलं त्या जुन्या टॉवरच्या लिफ्टचा दोर एकदा बघून घ्या, तर म्हणाले, ते झालं, साहेब. आणखी दोनतीन गोष्टी सांगितल्या, त्याही झालेल्या होत्या. कोणाचंच काही अडलेलं नव्हतं गं.’

हातातल्या शर्टाचं एक बटण सैल होतं, ते मी बघत राहिले. मनात मात्र असं झालं, की या घरात एक भुकेलं माणूस आपल्या समोर बसलंय आणि आपण रोज त्याच्या पुढ्यात ताट ठेवून निघून जातोय.

मी स्वयंपाकघरात गेले. हात धुतले. साबणानं नाही, नुसत्या पाण्यानं, वाहत्या पाण्याखाली एवढा वेळ धरले की बोटं सुरकुतली. मग त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवले... अगंबाई, ज्या भेगा झोंबल्या, डोळ्यासमोर आमच्या सगळ्या पिढ्या आल्या. कोळंबीचा लगदा घेतला, भेगांमध्ये असा चोळून भरला, बाहेर आले, झाकण काढलं आणि घातला हात. हे ओरडले, ‘अगं, साबण!’ मी म्हटलं, ‘मरतेच आहे ना ती? मग माझ्या हातानं मरू दे.’

हात तसाच धरला. खांदा भरून आला. मामंजी येऊन बघून गेले. आणि मग ती आली. लांबूनच थरथरली, परवानगी मागतात ना तशी. मी काय करणार, मी बोटं फाकवली. तर ती अंगठ्याजवळ आली आणि तिनं एक चिमटा घेतला, एवढासा, भेगेच्या कडेची मेलेली कातडी उचलली. मग दुसरा. मग नखाच्या कडेनं. आणि कातडी उचलता उचलता लगद्याचा कण तोंडात गेला, ती थबकली, परत आली, परत एक कण. तुम्हाला सांगते, सगळ्या जगाचे कपडे धुतले, पण माझा हात हातात घेऊन कोणी साफ केला असं मला तरी आठवत नाही. गुदगुल्या होत होत्या आणि... असो. खारं पाणी होतं, थोडं जास्त झालं तर टाकीला कळणार नव्हतं.

झालं! धाकटी जगली. पोट भरलं, अंगाला चकाकी आली, लगदा काचेवर लावला तरी खायला लागली, पण आधी माझा हात पाहिजे. आणि आता आमच्या यांचं काय? आल्यागेल्याला खेचून दाखवायचे. ‘बघा, हिच्या हाताला मासा येतो. माझ्या नाही येत. हिच्या हाताला काय सुरेख भेगा आहेत!’ शेजारणीसमोर. वकिलासमोर. लोक वाकून वाकून बघायचे, माझ्या हातांकडे नाही हं, माशाकडे. आणि परत तेच. म्हणे, मासा सफाई करतो. आणि मी काय, मी तिथे नुसती साबण ठेवायची डबी.

बरं, पुढचं ऐका, हे वन्संना अजून पचलेलं नाही. तो नर गेला होता ना, तर धाकटी हळूहळू ऐटीत फिरायला लागली. पिवळ्याला हाकलायची, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायची. यांनी कुठेकुठे वाचलं आणि मला सांगितलं, की या माशांत नर मेला की मोठी मादी स्वतःच नर होते. वन्सं तिथेच होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, ‘म्हणजे आता तिला काय म्हणायचं?’ हे म्हणाले, ‘तो.’ वन्सं म्हणाल्या, ‘आणि कामाचं?’ हे म्हणाले, ‘काम तेच. शिवाय देखरेख.’ मी म्हटलं, मग यात बदललं काय? मी पण दुकानाची, घराची, दोन्ही देखरेख करतेच आहे, मला कोणी ‘तो’ म्हटलं नाही. मी आजही धाकटीच म्हणते तिला.

आणि तेवढ्यात मुलीचा फोन. घर बदलत होती, सामान आवरायला ये म्हणाली. मी म्हटलं येते, आणि मग बघितलं तर हे टाकीपुढे चेहरा पाडून उभे. ‘तू गेलीस तर ती कोणाच्या हाताला येईल?’ तुम्ही नीट ऐकलंत ना? मी कधी येणार हे नाही विचारलं. मी गेल्यावर जेवायचं काय हे सुद्धा नाही. हात! मी म्हटलं, ‘अहो, तुमच्या हाताला कुरतडण्यासारखं काही आहे का? जन्मभर बटणं दाबली. बघा, कसे मऊ, गादीसारखे. तिला पाहिजे भेगांचा हात. दुकान उघडं आहे, साबण आहे, हौद आहे. करा तयार.’ मी टोमणा मारला हो! सरळसरळ टोमणा. कोणीही शहाणा नवरा ऐकून गप्प बसला असता.

मुलीकडे गेले, खोकी भरली, खोकी उतरवली. मुलगी म्हणते, ‘आई, तू सारखी हातांकडे काय बघतेस?’ म्हटलं, काही नाही. आवराआवर संपली, परत आले, गल्लीत वळले तर लाँड्री उघडी. आत हौदाशी कोण? आमचे हे. बाह्या कोपरापर्यंत, विजार गुडघ्यापर्यंत, हॉटेलचा टेबलक्लॉथ घेऊन जीव खाऊन घासताहेत. दोरीवर वकिलाचे शर्ट, सगळे आकाशी. पांढरे होते ते, नीळ ओतली होती यांनी. मी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांनी मला बघितलं, आणि ना ‘आलीस’ ना ‘कशी आहेस’, दोन्ही हात पुढे केले. लाल झाले होते, सोलले होते, अंगठ्याला खरीखुरी भेग. आणि चेहरा कसा, पहिल्या लिफ्टवर पहिली सही केल्यावर असेल तसा. ‘काल आली,’ म्हणाले. ‘माझ्या अंगठ्याला. एकदाच, पण आली.’

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, ‘मलम लावलंत का?’ तर म्हणाले, ‘मलम लावलं तर भेग भरेल.’

तेव्हापासून रोज दुकानात येतात. रक्तदाब चांगला आहे, भूक चांगली आहे, झोप चांगली आहे. डॉक्टर म्हणतात, माशांचा गुण. मी म्हटलं, माशांचाच असेल. वकील हल्ली आकाशीच शर्ट घालतो, त्याला कोणीतरी म्हणालं शोभतो म्हणून. सगळं चांगलं चाललंय, माझी काही तक्रार नाही. फक्त काल काय झालं, मी हौदाशी वाकून एक शर्ट घासत होते, मागे हात बांधून हे उभे. जरा वेळ बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘अगं, तू बाहीपासून सुरुवात करतेस, ते चूक आहे. सुरुवात नेहमी कॉलरपासून करायची असते.’

मी वळून बघितलं. काय काय बोलता आलं असतं, तुम्हाला सांगायला नको. पण त्यांचा चेहरा बघितला...

मग काय करणार? केली कॉलरपासून.